कडेची रेघ

माझी भाची यंदा एलिमेंटरीला, चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, बसते आहे. रविवारी ताईकडे गेले तेव्हा ती खिडकीशी मांडी घालून बसली होती. समोर स्टुलावर निळा टॉवेल, त्यावर तांब्या आणि दोन कांदे. वस्तुचित्राचा सराव चालला होता. आदल्या आठवड्याचा कागद बाजूला पडला होता आणि त्यावर ड्रॉइंगच्या बाईंनी तांब्याच्या कडेला लाल पेनानं बाण काढून लिहिलं होतं, ‘रेघ दिसते आहे. घालवा.’ भाचीनं ती घालवली होती, कागदाचा पापुद्रा निघेपर्यंत घालवली होती. आता नव्या कागदावर ती एका बाजूनं पेन्सिल आडवी धरून करडा थर चढवत तांब्याच्या कडेपर्यंत यायची, आणि कड जवळ आली की श्वास रोखून धरायची. मान वर न करताच म्हणाली, “मावशी, आजी दारात रांगोळी काढते ती तर नुसती रेघच असते ना? मग ती नाही का घालवायची?” आतून ताई म्हणाली, “ते वेगळं, हे वेगळं.” भाचीला तेवढं पुरलं. ती पुन्हा कांद्याकडे वळली.

मला पुरलं नाही. मी तांब्याकडे बघत बसले. बाईंचं म्हणणं खरं होतं. तांब्याला कुठेही रेघ नव्हती. उजेडाकडची कड टॉवेलच्या निळ्यावर पांढरी होऊन टेकली होती, सावलीकडची कड मागच्या अंधारात कुठे संपत होती ते सांगता येत नव्हतं. डोळ्यांना जे दिसतं ते एका रंगाशेजारी दुसरा रंग, एवढंच. आणि तरीही आजीची रांगोळी खोटी नव्हती. ओल्या फरशीवर चिमटीतून सुटणारी ती पांढरी धार, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून एकसारखी सांडणारी. हात क्षणभर अडखळला तर तिथे गाठ पडते, घाई केली तर धार तुटते. त्या रांगोळीतून रेघ काढून घेतली तर फरशी उरेल. एका घरात, दारापासून खिडकीपर्यंतच्या अंतरात, दोन शिस्ती नांदत होत्या आणि एकीच्या दृष्टीनं दुसरी चूक होती. आपण सगळेच ‘ते वेगळं, हे वेगळं’ या उत्तरावर वाढलो. ते उत्तर त्या दिवसापासून माझ्या मनात टोचत राहिलं.

माझ्या माहेरच्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी होती, तशी ती कितीतरी घरांत होती. 1894 मध्ये गिरगावात त्याचा छापखाना सुरू झाला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या चित्रांनी आपल्या देवांना अंग दिलं. लहानपणी मी त्या लक्ष्मीच्या दंडाकडे टक लावून बघायची. तो दंड गोल होता. हनुवटीखाली सावली होती, लुगड्याच्या चुणीत सावली होती, कमळाची पाकळी कडेला वळली होती. हात लावला तर ऊब लागेल असं वाटायचं. मग उन्हाळ्याच्या सुटीत कुडाळला जायचो आणि शेजारच्या पिंगुळीत ठाकरांच्या घरी चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची, पोथी बघायला मिळायची. तिथल्या रावणाच्या अंगावर सावलीचा ठिपका नाही. गडद रेघ, तिच्या आत सपाट रंग, कानापर्यंत गेलेला डोळा. त्या डोळ्याची मला भीती वाटायची. लक्ष्मीला हात लावावासा वाटायचा आणि रावणापासून मागे सरावंसं वाटायचं. दोन्ही चित्रं माझ्यावर अंमल गाजवत होती, पण दोघांचं एकमेकांशी काही नातं असेल हे तेव्हा डोक्यात आलं नाही. बघणाऱ्याला ते जमतं. एक चित्र मुंबईच्या भिंतीवर, एक कोकणातल्या पोथीत, आणि आपण मधल्या गाडीत.

ज्याच्या हातात पेन्सिल आहे त्याला मात्र कडेशी आल्यावर ठरवावंच लागतं.

अशा वेळी मला चित्रकार कृष्ण हेब्बर आठवतात. काळा घोड्याच्या एका प्रदर्शनात, रंगीत चित्रांच्या गर्दीत एका कोपऱ्यातल्या भिंतीवर, त्यांचं शाईतलं एक रेखाटन मी पाहिलं होतं. नाचणारी बाई. रेघ मानेपासून निघाली होती, खांद्यावरून उतरून कमरेशी वळली होती, घागऱ्याचा घेर मोठ्या आवेगानं फिरवून पावलाशी येऊन थांबली होती. सावली नाही, रंग नाही, चेहरा जवळजवळ नाही. मी अर्थातच आधी तिला आमच्या पिंगुळीच्या बाजूला टाकलं. पण जरा वेळ थांबल्यावर लक्षात आलं की त्या बाईला वजन आहे. उजव्या पायावर तिचा सगळा भार आहे, डावा खांदा माझ्याकडे आहे आणि उजवा पलीकडे गेला आहे. रेघ सपाट कागदावर होती, पण ती ज्या देहाभोवती फिरून आली होती तो देह गोल होता. हे चित्रकथीत होत नाही. हे ज्यानं देहाचं हाडन् हाड कोळशानं, सावलीसकट, वर्षानुवर्षं काढलं आहे त्याच्याच हातून होतं. आधी शिकून मग वगळलेलं दिसत होतं. ती रेघ घालवली गेली नव्हती. तिच्यातून बाकीचं घालवलं होतं.

हेब्बर मूळचे उडुपीजवळच्या कट्टिंगेरी गावचे. जन्म 1911 चा. त्या मुलखात रात्रभर यक्षगानाचं नाट्य चालतं, भूतकोळात माणसाच्या अंगात देव येतो, तोंडं रंगवलेली असतात, पायांत चाळ असतात. अशा ठिकाणाहून मुलगा मुंबईला येतो आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या दारातून आत जातो, तेव्हा त्याच्यासमोर काय ठेवलेलं असतं? प्लास्टरचा ग्रीक पुतळा. एकेकाळी जे. जे.त शिकलेली माणसं अजूनही आपल्या शिक्षणाचे टप्पे त्याच शब्दांत सांगतात: अँटिक, हेडस्टडी, लाइफ. आधी न हलणारा पुतळा काढायचा, मग माणसाचं डोकं, मग सगळा माणूस. प्लास्टर पांढरं, म्हणून त्याच्यावर सावली स्वच्छ दिसते. आणि त्या सावलीतून आकार उभा करायचा. म्हणजे माझ्या भाचीच्या तांब्याचे पूर्वज ते पुतळे. आपल्या रेखाकला परीक्षेतल्या वस्तुचित्राचं कूळ तिथपर्यंत जाऊन पोचतं.

परवा क्रॉफर्ड मार्केटला काम होतं, ते झाल्यावर रस्ता ओलांडून जे. जे.च्या आवारापर्यंत गेले. बाहेर बसचे ब्रेक, हातगाड्या, फळांच्या पेट्यांतला पेंढा, आणि फाटकाच्या आत एकदम झाडांची ओल. वाळलेल्या पानांवरून खारी पळते तेवढा आवाज ऐकू येतो. कुठल्यातरी खिडकीतून टर्पेंटाइनचा वास येत होता. त्या वासानं मला अजूनही गलबलतं. माझ्या एका मामाचं आयुष्य त्या वासात गेलं, साइनबोर्ड रंगवण्यात. आवारात शिकवणाऱ्यांसाठीचा जुना बंगला आहे. रुडयार्ड किपलिंगचा बाप, लॉकवुड, इथे शिकवायचा, 1865 पासून, आणि समोरच्या मार्केटच्या दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं त्यानं केलेली. त्या शिल्पांतली माणसं आपल्याकडची आहेत, पण दगडातून पुढे आलेला दंड, पोटरी, पिळलेली पाठ हे सगळं युरोपच्या शाळेतलं. रोज हजारो लोक त्यांच्या खालून आंब्याचे भाव विचारत जातात. या शहरात ही सरमिसळ इतकी जुनी आहे की तिच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही.

आणि जे. जे.ला बाहेरचं सगळं आणि आपलं काहीच नाही, असंही नव्हतं. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते. पेस्तनजी बोमनजींसारखी मुंबईची मुलं लेण्यांच्या अंधारात उभी राहून भिंतींच्या नकला करत होती. ही गोष्ट मला फार हलवते. दोन हजार वर्षांपूर्वीपासूनच्या हातांनी काढलेली रेघ ही मुलं आपल्या हातांनी परत काढत होती, तैलरंगात, कॅनव्हासवर. भिंतीवरच्या पडलेल्या पोपड्यांसकट. त्या नकला लंडनला पाठवल्या गेल्या आणि 1885 मध्ये तिथल्या संग्रहालयातल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याच्याही आधी रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं केलेल्या अजिंठ्याच्या नकला अशाच लंडनमध्ये, 1866 मध्ये, क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. कॅनव्हास गेले. पण ज्यांनी नकला केल्या त्यांच्या मनगटांत काय उरलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तेरा वर्षं पिढ्या बदलत मुलं ती रेघ गिरवत होती. ती कोणत्या आगीत जळणार होती?

पुढे कॅप्टन सॉलोमन आले. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत जे. जे.ची सूत्रं या माणसाकडे होती आणि त्यानं एकाच हातानं दोन दारं उघडली. जिवंत मॉडेल बसवून मानवी देह काढण्याचा वर्ग त्यानं चालू केला, आणि भारतीय विषयांवर भित्तिचित्रं काढण्याचा वर्गही त्यानंच चालू केला. नव्या दिल्लीच्या सचिवालयातल्या भिंती रंगवायला त्याचे विद्यार्थी गेले. भारतीय शैलीचा वर्ग पुढे जगन्नाथ अहिवासींनी सांभाळला. म्हणजे 1930 च्या दशकात जे. जे.त शिकणाऱ्या मुलाला एका खोलीत देहावरचा उजेड शिकवत होते आणि दुसऱ्या खोलीत सांगत होते की देहाभोवतीची रेघ लयीत घे. मधल्या व्हरांड्यात काय करायचं ते कोणी सांगत नव्हतं. ‘ते वेगळं, हे वेगळं’ तिथेही होतंच. हेब्बरांचा डिप्लोमा 1938 चा. 1940 ते 45 ते तिथेच शिकवत होते. त्यांच्या कामाकडे पाहून मला वाटतं, तो माणूस जन्मभर त्या व्हरांड्यात उभा राहिला. दोन्ही खोल्यांत त्याला आदरानं बसवून घेतलं असतं, तरी तो बाहेरच राहिला.

त्या पिढीच्या मुलांना तिसरी एक खोली होती, ती म्हणजे म्युझियम. आपलं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जे. जे.हून पायी जाण्यासारखं. लघुचित्रांच्या दालनात दिवे मंद ठेवतात, काचेवर आपलाच चेहरा पडतो, तो बाजूला सारून आत बघावं लागतं. हेब्बरांवर जैन पोथ्यांचा, राजपूत आणि मुघल लघुचित्रांचा आणि अजिंठ्याचा प्रभाव आहे हे त्यांच्याविषयी लिहिणारे सगळेच सांगतात. पण जैन पोथीतला माणूस एकदा जवळून बघायला हवा. चेहरा बाजूनं काढलेला, आणि तरी पलीकडचा डोळा गालाबाहेर येऊन अधांतरी ठेवलेला. शाळेतल्या दृष्टीनं ही घोडचूक. पण त्या चित्रकाराला ठाऊक आहे की माणसाला दोन डोळे असतात, मग एक का लपवायचा? तो दिसतं ते काढत नाही, आहे ते काढतो. तांब्याची कड अंधारात विरघळली म्हणून तांब्या तिथे संपत नाही, असं म्हणायला छाती लागते आणि त्या अनाम पोथीकाराकडे ती होती. तिथे उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की आजीची रांगोळी आणि ही पोथी एका बाजूला आहेत आणि मी ज्या परीक्षेत पास झाले ती दुसऱ्या बाजूला.

मग चित्रकार अमृता शेरगिल. तिचा रस्ता उलटा. बुडापेस्टमध्ये जन्म, पॅरिसमध्ये शिक्षण, तिथल्या सलों या मोठ्या चित्रप्रदर्शनात सुवर्णपदक, आणि 1934 च्या अखेरीस इकडे परत. 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीनं तिच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिलं. त्या चित्रात काहीच घडत नाही. तीन मुली बसल्या आहेत, नजरा खाली, कपडे एकेका सलग रंगाचे, मागे नुसती भिंत. लग्नाची वाट बघत असाव्यात किंवा कुणीतरी काहीतरी ठरवून सांगेल त्याची. कपड्यांचे रंग कसे एकमेकांशेजारी सपाट बसवले आहेत बघा, आणि चेहऱ्यांवर तरीही पॅरिसची सावली आहे, गालाच्या हाडाखाली, पापणीखाली. अजिंठा तिनं 1936 च्या शेवटी पाहिला, दक्षिणेच्या वाटेवर, मुंबईहून जाऊन. तिथून तिनं घरी लिहिलं की भारतात परतल्यापासून पहिल्यांदाच मी दुसऱ्या कुणाच्या कामातून काही शिकले. त्यानंतरच्या दक्षिणेच्या चित्रांत तिच्या माणसांच्या कडा घट्ट झाल्या. ब्रह्मचारी, बाजाराला निघालेली माणसं. हेब्बर त्या वर्षांत जे. जे.त विद्यार्थी होते आणि अमृताच्या चित्रांनी त्यांना वाट दाखवली, हे त्यांच्या चाळीसच्या दशकातल्या केरळच्या चित्रांत उघड दिसतं. तो तांबडा, तो हिरवा, त्या शांत बसलेल्या बायका. फ्रेंच चित्रकार गोगँही आहे त्यांत. मला त्या चित्रांत अजून दुसऱ्याचा आवाज जास्त ऐकू येतो, पण तरुण माणसानं कुणाचा तरी हात धरूनच निघायचं असतं. अमृता 1941 मध्ये गेली, अठ्ठावीस वर्षांची. तिच्या हातून पुढे काय झालं असतं, हा प्रश्न तिच्याविषयी वाचताना दर वेळी घशाशी येतो.

1949-50 मध्ये हेब्बर पॅरिसला जाऊन आले, अकादमी ज्युलियां या तिथल्या कलाशाळेत शिकले. ते सगळे तेव्हा करतच होते. त्याच सुमारास मुंबईत प्रोग्रेसिव्ह या नव्या चित्रकारांच्या गटाची धामधूम होती, सुझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. त्यांच्याविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे आणि हेब्बर त्या गटात नव्हते, म्हणून अनेकदा त्यांचं नाव मागे राहतं. याचं मला वाईट वाटतं. आवाज चढवून जुनं नाकारणारा लक्षात राहतो. पद्मश्री, पद्मभूषण मिळूनही ज्याचं नाव कलाकारांच्या वर्तुळाबाहेर फारसं कोणी घेत नाही, असं या माणसाचं झालं.

पॅरिसपेक्षा मला दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. हेब्बर कथक शिकले. पंडित सुंदरप्रसाद, जयपूर घराण्याचे, त्यांच्याकडे दोन वर्षं. रंगमंचावर उभं राहण्याची हौस म्हणून शिकले नाहीत. लय कळावी म्हणून शिकले. डिप्लोमा घेतलेला, चित्रकार म्हणून ओळखला जाणारा माणूस पायात घुंगरू बांधून ‘ता थेई थेई तत्’ म्हणत जमिनीवर टाचा आपटतो आहे, हे दृश्य मी डोळ्यांसमोर आणते तेव्हा मला त्याच्याविषयी अपार आदर वाटतो. माझी एक मैत्रीण कथक करते. ती सांगते, पहिलं वर्ष नुसतं तत्कारात, पायांच्या ठेक्यात, जातं. पिंढऱ्या दगड होतात, तळव्यांची आग होते, आणि हात छातीशी धरून ठेवायचे म्हणून खांदे रात्री झोपू देत नाहीत. लय डोक्यात असून चालत नाही, ती टाचेत उतरावी लागते. चक्कर घेऊन समेवर येताना शरीर थांबतं आणि घेर मात्र अजून फिरत असतो, तो अर्धा क्षण सगळ्यात अवघड, असं तिचं म्हणणं. ते रेखाटन आठवा. रेघ पावलाशी थांबली होती आणि घागरा अजून फिरत होता.

त्यांच्या रेखाटनांना ‘गाणारी रेषा’ म्हणतात. मला ती नाचणारी वाटते, पण तो भाग वेगळा. मुद्दा असा की आपल्या जुन्या शास्त्रानं चित्रकाराकडून नेमकं हेच मागितलं होतं. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्तिकला शिकायला जातो. ऋषी म्हणतात, आधी चित्र शिक. चित्रासाठी आधी नृत्य, नृत्यासाठी आधी वाद्य, वाद्यासाठी आधी गाणं. ‘विना तु नृत्यशास्त्रेण चित्रसूत्रं सुदुर्विदम्’. नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणं फार कठीण. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते पुराणातलं शोभेचं वाक्य वाटलं होतं. हेब्बरांनी ते गुडघ्यांनी वाचलं. पॅरिसहून शिकून येणारे पुष्कळ होते, आपल्याकडच्या पोथीतून आकार उचलणारेही पुष्कळ होते. परंपरेकडून एखादा डोळा, एखादा दागिना, एखादी नक्षी उसनी आणता येते आणि ती चित्रात छान दिसतेही. पण परंपरेकडे जी मेहनत आहे ती उसनी मिळत नाही. ती अंगावर घ्यावी लागते, नवशिक्यासारखं रांगेत उभं राहून.

त्याच चित्रसूत्रात एक श्लोक आहे, तो मी हल्ली भेटेल त्याला ऐकवते. ‘रेखां प्रशंसन्त्याचार्या वर्तनां च विचक्षणाः’. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार वर्तनेची. वर्तना म्हणजे छटा चढवत उठाव आणणं. आपण ज्याला शेडिंग म्हणतो त्याच्या जवळचंच काम. पुढे तो म्हणतो, बायकांना दागिने आवडतात आणि बाकीच्या लोकांना रंगांची भरमार. ते सोडून देऊ. पण पहिल्या ओळीत रेषा आणि वर्तना शेजारी शेजारी उभ्या आहेत, दोघींच्या मागे मोठी माणसं आहेत, आणि यांतली एक इकडची आणि एक तिकडची असं तिथे कोणी म्हणत नाही. अजिंठ्यात तेच आहे. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भुवईची रेघ एका ओघात गेली आहे, तिच्या जोरावर सगळा चेहरा उभा आहे, आणि त्याच चेहऱ्यावर नाकाच्या दांडीवर उजळ रंग ठेवून, कडेला गडद करत उठाव आणला आहे. खिडकीतून आलेल्या उन्हाची ती सावली नाही. तो उजेड कुठूनच येत नाही, अंगाचाच आहे. पण गोलाई आहे. म्हणजे माझ्या माहेरच्या लक्ष्मीचा गोल दंड आणि पिंगुळीच्या रावणाचा डोळा एका भिंतीवर राहत होते, फार पूर्वी, वाघूर नदीच्या वरच्या अंगाला. भांडण आपण नंतर लावलं, वर्ग वेगळे केले, परीक्षेचे पेपर वेगळे केले.

एवढं कळल्यावर भाचीला काय सांगायचं ते माझं मलाच सुचलं. परीक्षा होईपर्यंत बाई म्हणतात तसंच कर, कारण नजर तयार व्हायला ती शिस्त लागते आणि ती खरी शिस्त आहे. तांब्याकडे इतका वेळ बघायला दुसरं कोण शिकवणार? आणि रोज सकाळी आजीकडून चिमटीतली धार शिक. तिनं विचारलं, “दोन्ही एकदम?” मी म्हटलं, “एकदम.” ताईला हे पटलेलं नाही. तिच्या मते मी मुलीच्या डोक्यात गोंधळ भरते आहे. असेलही. पण हेब्बरांच्या चित्रांत मला जे आवडतं ते तो गोंधळ संपल्यामुळे नाही. चिंचगुळाच्या आमटीत चिंचही लागते आणि गूळही लागतो, जिभेला दोन्ही वेगळे कळतात. ज्या दिवशी ते कळेनासे होतील त्या दिवशी आमटी बिघडली. त्यांची कोंबड्यांची झुंज बघा. पिसांचा फुलोरा रंगाच्या फटकाऱ्यांनी उडतो आहे, तो आधुनिक युरोप पाहून आलेला हात. आणि दोन मानांच्या वाकण्यात जी कमान आहे ती कुठल्यातरी भूतकोळाच्या रात्री, गर्दीत उभं राहून, पोरवयात पाहिलेली असावी असं मला वाटतं. दोन्ही हात दिसतात. एकमेकांना ढकलत, एकमेकांना धरत.

त्यांच्या नंतरच्या तैलचित्रांविषयी मात्र माझं मन अजून ठरत नाही. रंगाचे थर दाट होत गेले, पोत खरखरीत झाला, काही ठिकाणी माणूस त्या पोतात बुडून जातो आणि ती रेघ, जिच्यासाठी मी गेलेली असते, शोधावी लागते. मला हुरहुर लागते. इतक्या कष्टानं कमावलेली गोष्ट त्यांनी अशी रंगाखाली का जाऊ दिली? एका चित्रकार मित्राशी यावरून माझं भांडण झालं. तो म्हणाला, तू रेषेच्या इतकी प्रेमात आहेस की ती दिसली नाही की ती नाहीच असं तुला वाटतं. चित्राच्या नाकाशी जाऊन उभी राहतेस, पोत बघतेस आणि परत येतेस. त्या थरांची मांडणी कशानं बांधली आहे ते बघ, ती तीच लय आहे, फक्त आता कडेला नाही, आत आहे. मला ते पूर्ण पटलं नाही. माझं मत अजूनही शाईच्या रेखाटनांच्या बाजूनंच आहे, आणि 1996 मध्ये हेब्बर मुंबईतच वारले तोपर्यंत आपण त्यांच्याच शहरात राहून त्यांची चित्रं किती कमी बघितली याची खंत त्या मताला चिकटलेली आहे. पण पुढचं प्रदर्शन लागेल तेव्हा मित्राबरोबर जायचं ठरलं आहे, आणि आधी तैलचित्रांच्या दालनात, दहा पावलं मागे उभं राहून.